काढलेले हात ठेवायचे कुठं, काकू?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा मुलाखतीच्या सरावासाठी घरी आला होता. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातून बोलावणं होतं. लेथबद्दल, म्हणजे धातू कातायच्या मशीनबद्दल, मापांबद्दल काहीही विचारा, खडाखडा उत्तरं. अडचण एकच होती. खुर्चीत बसल्या क्षणापासून त्याने दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरले होते. म्हटलं, ‘हात बाहेर काढ की रे.’ तर म्हणाला, ‘काढतो की काकू. पण काढलेले ठेवायचे कुठं?’

बँकेतून निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी मी गल्लीतल्या पोरापोरींचा असा सराव घेते. कुणाला पुण्याला जायचं असतं, कुणाला बेंगळूरला, कुणाला बेळगाव सोडायचंच नसतं. माझी नोकरी काउंटरमागे गेली. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, मग पुन्हा बेळगाव. काउंटरच्या खिडकीतून माणूस छातीपासून वर दिसतो आणि त्याचे दोन हात दिसतात. पाय दिसत नाहीत, चप्पल दिसत नाही. त्यामुळे हातांकडे बघायची खोड लागली ती अजून आहे. निवृत्तीनंतर देहबोलीवर बरंच वाचलं, तेव्हा कळलं की मोबाइलवर जे ज्ञान फिरतं त्यातलं निम्मं अर्धवट आहे आणि उरलेल्यातलं बरंच चुकीचं.

त्या मुलाने असाच एक व्हिडिओ पाठ केला होता. समोरच्यावर छाप पडते त्यात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हे आकडे तुम्हीही ऐकले असतील. व्यक्तिमत्त्व विकासाच्या प्रत्येक वर्गात ते फळ्यावर येतात.

आकडे खरे आहेत, अर्थ खोटा आहे. १९६७ साली अल्बर्ट मेहराबियन या कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर दोन छोटे प्रयोग केले. एकात लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. दुसऱ्यात ‘कदाचित’ या अर्थाचा एकच शब्द ऐकवला आणि सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवले. विचारलं इतकंच, की बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नावडतो. शब्द गोड, सूर कडू, असा विरोध असेल तेव्हा ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो, हे बघायचं होतं. दोन्ही प्रयोगांचे निकाल जुळवून ते ७, ३८, ५५ आले. म्हणजे ते ५५ टक्के चेहऱ्याचे आहेत. हात त्या प्रयोगात नव्हतेच! भावना आणि आवडनिवड यांपलीकडच्या बोलण्याला हे सूत्र लागू होत नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच नंतर स्पष्ट करून ठेवलं आहे.

तरी कुणाला पटत नसेल तर मी त्याला आमच्याकडची एक सोपी कसोटी सांगते. देहबोली आणि आवाज मिळून ९३ टक्के अर्थ पोचत असता, तर कन्नडचं एक अक्षर न येणाऱ्या माणसाला तालुका कचेरीतलं ९३ टक्के बोलणं कळायला हवं होतं. तिथे गेलेल्याला विचारा. नेमके ते ७ टक्केच अडतात, आणि त्यांच्यापायी पूर्ण दिवस जातो. १९५६ पासून जिथे पाटीवर कुठली अक्षरं हवीत यावरून भांडण चालू आहे, त्या गावात तरी कुणी शब्दांना ७ टक्के म्हणू नये.

मग हातांना किंमत नाही का? आहे, पण ती वेगळ्या जागी आहे.

पहिली गोष्ट अशी, की हात आधी बोलणाऱ्याच्या कामाचे असतात, बघणाऱ्याच्या नंतर. फोनवर पत्ता सांगणारा माणूस बघा. ‘चन्नम्मा सर्कलवरून डावीकडे वळायचं’ म्हणताना त्याचा हात डावीकडे वळतो. पलीकडच्याला काहीही दिसत नसतं. १९९८ साली जाना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो या दोघींनी जन्मापासून दृष्टी नसलेली मुलं बोलताना काय करतात ते तपासलं. त्या मुलांनी आयुष्यात कुणाचे हातवारे बघितले नव्हते, तरी ती हात हलवत होती. समोर ऐकणारा माणूसही अंध आहे हे ठाऊक असताना हलवत होती. म्हणजे हातवारे ही बघून उचललेली लकब नाही. बोलण्याच्या यंत्रणेलाच हात जोडलेले आहेत.

उलटा प्रयोगही झाला आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत काही जणांना कार्टून दाखवून त्यांत काय घडलं ते सांगायला लावलं. त्यांचे हात कधी मोकळे ठेवले, कधी रोखून धरले. हात रोखलेले असताना बोलणं अडखळलं, आणि तेही नेमकं वर, खाली, आत, पलीकडे अशा जागेविषयीच्या वर्णनात. पुढे २००१ मध्ये गोल्डिन-मेडो यांच्या गटाला असंही आढळलं की गणित समजावून सांगताना हात वापरणाऱ्यांना मध्येच लक्षात ठेवायला दिलेली गोष्ट जास्त आठवते. हात डोक्यावरचं थोडं ओझं उचलतात, असं त्यांचं म्हणणं.

आता मांड्यांखाली हात दाबून लेथबद्दल बोलणाऱ्या मुलाचं काय होत होतं ते कळेल. मशीनचं काम सगळं जागेचं. जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, इकडून पकडायचा, टूल तिकडून आणायचं. आणि त्याने नेमके तेच हात बांधून ठेवले होते.

हातवाऱ्यांचे प्रकार करायचे झाले तर शिकागोच्या डेव्हिड मॅक्‌नील यांनी १९९२ मध्ये केलेली चार भागांतली वाटणी सोयीची आहे. त्यांची इंग्रजी नावं बाजूला ठेवू. एक, आकार काढणारे. आमच्या शेजारच्या आजी मांडे कसे करतात हे सांगायला लागल्या की त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत हवेत पसरतात, पुरण भरलेली पारी मनगटांवरून वाढत जाते आणि पालथ्या तव्यावर पडते. तवा नाही, पारी नाही, तरी तुम्हाला दोन्ही दिसतात. दोन, न दिसणाऱ्या गोष्टीला जागा देणारे. ‘एकीकडे पगार, दुसरीकडे घर’ म्हणताना पगार डाव्या हातावर बसतो आणि घर उजव्या. तीन, दाखवणारे. आणि चार, ठेका धरणारे. ‘मी, तुला, तेव्हाच, सांगितलं, होतं’ यातल्या प्रत्येक शब्दावर जो हात पडतो तो.

मजेची गोष्ट म्हणजे हात शब्दाच्या किंचित आधी निघतो. ‘पसरायचं’ हा शब्द तोंडात यायच्या आत आजींचे हात पसरू लागलेले असतात. हातवारे पाठ करून गेलेला माणूस नेमका इथे पकडला जातो. तो आधी शब्द बोलतो, मग त्याला हात आठवतो. भाषणात ‘मित्रहो’ म्हणून झाल्यावर अर्ध्या सेकंदाने हात पुढे करणारे वक्ते तुम्ही पाहिले असतील. चूक कुठली ते सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं वाटतं. म्हणून मी पोरांना हातवारे शिकवत नाही. नुसती अडगळ दूर करते.

अडगळ म्हणजे हातचाळा. पेनाचं बटण टकटक करणं, अंगठी फिरवणं, ओढणीचं टोक पिळणं, खिशातली चिल्लर वाजवणं. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी १९६९ मध्ये शरीराच्या हालचालींची वर्गवारी केली, त्यात स्वतःला किंवा हातातल्या वस्तूला उगाच हात लावत राहण्याचा एक स्वतंत्र गट होता. त्याला त्यांना नवा शब्द घडवावा लागला. आपल्याकडे तो शब्द आजीच्या ओरडण्यात तयार होता. चाळा वाईट असतो असं नाही, तो माणसाला शांत करतो. पण ऐकणाऱ्याचं लक्ष बोलण्यावरून उठून त्या पेनावर जाऊन बसतं. उपाय सरळ आहे. पेन बॅगेत टाका, चिल्लर घरी ठेवा, अंगठी सैल असेल तर त्या दिवशी घालू नका. ‘चाळा करायचा नाही’ असं मनाशी घोकत बसलात तर दोन चाळे करून याल.

आणि त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. टेबल असेल तर मनगटं टेबलाच्या कडेवर, तळहात सैल, एकावर एक किंवा बाजूबाजूला. टेबल नसेल तर मांडीवर. हे हातांचं घर. बोलताना ते घरातून निघतील, पोट आणि खांदे यांच्या मधल्या पट्ट्यात फिरतील, परत येतील. त्यांना पाठवायची गरज नाही आणि अडवायचीही नाही. दारात कडी घालून बसू नये, एवढंच.

उभं राहण्याबद्दल बेळगावच्या माणसाला वेगळं शिकवायला नको. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथे आहे, शाळेत एनसीसी केलेला एक तरी घरात असतो. ‘सावधान’ म्हटलं की टाचा जुळतात आणि माणूस खांब होतो. ‘विश्राम’मध्ये पायांत साधारण १२ इंचांचं अंतर पडतं आणि वजन दोन्ही पायांवर सारखं येतं. मुलाखतीच्या खोलीत, स्टेजवर, कुठेही पाय विश्रामचे ठेवा. फक्त हात पाठीमागे बांधू नका, पुढे आणा. पाठीमागचे हात कवायतीत शोभतात. समोरच्या टेबलावरून मात्र ते लपवल्यासारखे दिसतात.

उभं राहण्याचाच विषय निघाला म्हणून, कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं ताठ उभं राहिलं की अंगात आत्मविश्वासाची संप्रेरकं वाढतात, हेही पोरं सांगतात. २०१० मध्ये अमेरिकेत ४२ जणांवर केलेल्या प्रयोगातून ते आलं आणि जगभर गाजलं. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने २०० जणांवर तोच प्रयोग केला. संप्रेरकांत फरक सापडला नाही. लोकांना जरा बरं वाटलं, इतकंच. २०१६ मध्ये मूळ संशोधकांपैकी डेना कार्नी यांनी जाहीरपणे सांगून टाकलं की हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही. बरं वाटत असेल तर खुशाल उभे राहा. पण बाहेरच्या बाकड्यांवर बाकीचे उमेदवार बसलेले असताना नको.

आता हातांची ती जात, जी खरोखर शब्दांची जागा घेते. मनगट फिरवून तळवा वर केला की ‘काय झालं?’ पाच बोटांची चिमूट तोंडाकडे नेली की ‘जेवलास?’ वर्गात करंगळी दाखवली की बाई काही न विचारता मान हलवतात. ही शिकलेली चिन्हं आहेत, गावागावात अर्थ बदलतात आणि काळाबरोबरही बदलतात. अंगठ्याचंच घ्या. मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे ठेंगा, मिळणार नाही जा. बँकेत अंगठा म्हणजे सही. आणि आता मोबाइलवर तोच अंगठा म्हणजे ‘मान्य’. माझ्या एका मावशींनी भाच्याकडे पैसे मागितले, त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्या आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. पैसे दुसऱ्याच दिवशी खात्यात आले होते.

परदेशी कंपनीच्या मुलाखतीत आपली सगळ्यात जास्त गफलत मान करते. आपण ‘बरं, चालेल, कळलं’ या अर्थी मान डावी-उजवीकडे डोलावतो. मराठी माणूस डोलावतो, कन्नड माणूस डोलावतो, कुणालाच शंका येत नाही. पलीकडे युरोपातला माणूस असेल तर त्याला ते ‘नाही’ आणि ‘बघू’ यांच्या मधलं काहीतरी वाटतं. मान बदलू नका, ती या वयात बदलणार नाही. तिच्याबरोबर तोंडाने ‘हो’ म्हणा.

देहबोली हा शब्द नवा असला तरी तिचा कोश आपल्या वाक्प्रचारांत आधीपासून आहे. हात झटकणे, हात वर करणे, कानांवर हात ठेवणे, नाक मुरडणे, कपाळाला हात लावणे, बोट दाखवणे. बोट दाखवणं म्हणजे दोष देणं, हे भाषेनेच सांगून ठेवलं आहे, तरी बैठकीत लोक समोरच्याकडे तर्जनी रोखून ‘आपण मघाशी म्हणालात’ असं म्हणतात. शब्द ‘आपण’चा, बोट ‘अरे’चं. देवळात आपण देवाकडे बोट दाखवत नाही, अख्खा पंजा करतो. माणसाकडेही तोच करावा.

हात झटकण्यावरून माझीच गोष्ट सांगते. चिक्कोडीला असताना शेजारच्या काउंटरवर धारवाडकडचे एक सहकारी होते. मराठी जेमतेम. दोघांकडे सारखीच गर्दी, सारखेच नियम, आणि दिवसातून सारख्याच वेळा ‘नाही’ म्हणावं लागायचं. कागद अपुरे असले की मी अस्खलित मराठीत सांगायची, ‘आज होणार नाही, उद्या या,’ आणि स्लिप दोन बोटांनी काचेखालून परत सरकवायची. माझ्या काउंटरवर दर दोन दिवसांनी भांडण. ते काय करायचे? खुर्चीतून अर्धे उठायचे, उजवा तळवा छातीला लावायचे, म्हणायचे, ‘आगंगिल्लरी अज्जा, नाळे बर्री.’ होणार नाही आजोबा, उद्या या. अर्थ तोच. खानापूरकडचा मराठी म्हातारासुद्धा, ज्याला ‘नाळे’ म्हणजे उद्या एवढंच समजलं होतं, मान डोलावून निघून जायचा. दोन-तीन महिने मला वाटत होतं की लोक त्यांना बाप्या म्हणून घाबरतात. मग एक दिवस लक्षात आलं, मी स्लिप परत करत नव्हते, फेकत होते.

छातीवरचा तळवा त्यानंतर मीही उचलला. सुरुवातीला तो मला चिकटवल्यासारखा वाटायचा, कारण मनात अजून ‘किती वेळा सांगायचं’ हेच असायचं. शब्द आणि हात यांच्यात विरोध असेल तर माणूस हातावर विश्वास ठेवतो. मेहराबियनच्या प्रयोगात हात नव्हते, पण विरोध आला की माणूस शब्द सोडतो, एवढा भाग त्यातून खरा उरतो.

सीमाभागात हातांवर हा जादा भार असतोच. बोलता बोलता भाषा संपते. समोरच्याचं मराठी संपतं, आपलं कन्नड ‘स्वल्प’पाशी अडतं, मग हिंदी येते आणि तीही दोघांची मोडकी. दुसऱ्या भाषेत बोलणारा माणूस हात जास्त वापरतो, हे अभ्यासकांनीही नोंदवलं आहे, आणि ते लाजण्यासारखं नाही. बेंगळूरच्या मुलाखतीत कन्नड अडलं तर हात आखडू नका. उलट तेव्हाच त्यांना मोकळं सोडा, आणि सुरुवात ‘नमस्कार्री’ने करा. ती ‘री’ लावताना हात आपोआप जुळतात, मान थोडी वाकते.

भाषा पूर्ण बाजूला ठेवून हातांनी व्यवहार करण्याची जुनी रीत जनावरांच्या बाजारात आहे. दोन दलाल एकमेकांचा हात धरतात, वर टॉवेल टाकतात, आणि टॉवेलाखाली बोटं दाबून भाव ठरतो. भोवतीच्या दहा जणांना आकडा कळत नाही. एक दलाल कोल्हापूरकडचा, दुसरा गोकाकचा, एकाला दुसऱ्याची भाषा धड येत नाही, तरी बैलाचा सौदा होतो. पण नीट पाहिलं तर टॉवेलाखाली फक्त आकडा ठरतो. बैल मारका आहे का, हे विचारायला तोंडच लागतं.

दुसऱ्याचे हात वाचण्याबद्दल थोडं. खडेबाजारात साडीच्या दुकानात गादीवर बसलेला मुरलेला विक्रेता गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे फार बघत नाही. ‘महाग आहे हो’ म्हणणाऱ्या बाईंचा हात काठावरून हललेला नसतो. तो पुढची साडी काढत नाही, त्याच साडीचा पदर उलगडतो. हे वाचन बरोबर येतं कारण त्याने त्या जागी हजारो हात पाहिलेले आहेत, आणि चुकला तर दोन मिनिटांत कळतं. आपण मात्र एका खुणेवरून माणसाचा स्वभाव सांगायला जातो. हाताची घडी म्हणजे मन बंद, म्हणे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, जुलैत इथे हाताची घडी घातलेला माणूस गारठलेला असतो.

खोटं बोलणारा नजर चुकवतो, हाही असाच समज. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये खोटं ओळखण्याचे शेकडो प्रयोग एकत्र करून पाहिले. माणसांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर आला. नाणं उडवलं तर ५० येतात. आपल्याकडे तर मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं हा संस्कार आहे. वडिलांसमोर मान वर करून न बोललेली मुलगी पहिल्याच मुलाखतीत तिघा अनोळखी माणसांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलेल, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. तिला मी एवढंच सांगते, की ज्याने प्रश्न विचारला त्याच्याकडे बघून उत्तर सुरू कर, विचार करताना नजर कुठेही जाऊ दे, वाक्य संपवताना परत त्याच्याकडे ये. डोळ्यांत बघवत नसेल तर भुवयांच्या मध्ये बघ. टेबलापलीकडून फरक कळत नाही.

पहिली छाप किती लवकर पडते? फार लवकर. प्रिन्स्टनच्या जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये दाखवलं की सेकंदाचा दहावा भाग चेहरा दिसला तरी लोक त्याच्या विश्वासूपणाबद्दल मत बनवतात, आणि जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, नुसती खात्री वाढते. हे मत खरं असतं असं त्यांनी म्हटलेलं नाही. त्याआधी १९९३ मध्ये नलिनी अंबाडी या भारतीय वंशाच्या मानसशास्त्रज्ञ आणि रॉबर्ट रोझेंथल यांनी विद्यापीठातल्या १३ शिक्षकांच्या तासांचे आवाज बंद केलेले ३० सेकंदांचे तुकडे अनोळखी लोकांना दाखवले. त्यांनी दिलेले गुण आणि सत्र संपल्यावर खऱ्या विद्यार्थ्यांनी दिलेले गुण बरेच जुळले. उत्साही, आपुलकीचा, समोर लक्ष असलेला शिक्षक आवाजाशिवायही ओळखू येत होता. यावरून लोक ‘पहिल्या ३० सेकंदांत जिंका’ असा मंत्र काढतात. मला त्यातून उलटं दिसतं. ते शिक्षक त्या ३० सेकंदांसाठी काही करत नव्हते. ते शिकवत होते.

आता बऱ्याच मुलाखती पडद्यावर होतात. तिथे घोटाळा असा की चौकटीत फक्त डोकं दिसतं आणि हात बाहेर कापले जातात. शेजारच्या आजींची नात पुण्याच्या एका कंपनीच्या मुलाखतीला बसली तेव्हा मी समोरच्या खुर्चीवर गुपचूप बसले होते. हात भरपूर हलवत होती पोरगी, पलीकडे मात्र खांदे उचकताना तेवढे दिसत असणार. पुढच्या फेरीला आम्ही लॅपटॉप हातभर मागे सरकवला, खाली दोन स्टीलचे डबे ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणला, खिडकी पाठीमागे होती ती समोर घेतली. कॅमेऱ्याशेजारी एक टिकली चिकटवली, म्हणजे बघायचं कुठं ते ठरलं. टिकली आजींची, अजून तिथेच आहे.

उद्यमबागेच्या मुलाला शेवटी वस्तू हातात देऊन सराव करवला. पोळपाट म्हणजे चक, जॉब धरून ठेवणारा भाग, आणि लाटणं म्हणजे जॉब. पाच-सहा वेळा झाल्यावर दोन्ही काढून घेतली आणि म्हटलं, आता तेच पुन्हा सांग. हात हवेत लाटणं धरून बसले, बोलणं सुटलं. मग तळहातांना घाम येतो म्हणून त्याची नवी काळजी सुरू झाली. त्याला सांगितलं, शर्टाच्या खिशात कोरडा रुमाल ठेव, दारात पुस, आणि त्यांनी हात पुढे केला तरच मिळव, नाहीतर नमस्कार. कागद देताना उजव्या हाताने दे, डावा कोपराला लागला तर लागू दे, पण कागद सरकवू नको, त्यांच्या हातात दे. आणि नखांत ग्रीस आहे, ते राहू दे. कारखान्याच्या मुलाखतीला चालतं.